नशीब म्हणजे वाटा



आजच्या बोलण्याची सुरुवात आपल्या बचत गटाच्या वहीपासून करू. वही जवळ असेल तर उघडा. पहिल्या पानावर हजेरी. मग तारीख, रक्कम, जमा, खर्च, बाकी. कुणी कर्ज घेतलं असेल तर त्याची मुदत, किती वसूल झालं त्याचा हिशेब, आणि शेवटी सही. आता आम्ही सांगतो ते ऐकून काही जणी हसतील. हे सगळे शब्द मुळात अरबी आहेत. व्याज तेवढं आपलं संस्कृतातून आलेलं.

हे शब्द फारसीच्या हाताला धरून आपल्याकडे आले. निजामशाही आणि आदिलशाहीचा कारभार फारसीत चालायचा, आणि फारसीत अरबी शब्द भरपूर. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या काळात राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी जे शब्द बायाबापड्यांच्या तोंडी बसले होते ते राहिलेच. आज कर्जतच्या तहसील कचेरीत अर्ज घेऊन जाणारी बाई एका वाक्यात चार अरबी शब्द बोलते आणि तिला ते ठाऊकही नसतं.

आता हा विषय कुठून निघाला ते सांगतो. आमच्या बैठकीला नेरळ, खोपोली, खालापूर भागातल्या कोकणी मुस्लिम घरातल्या बायाही येतात. त्यांतल्या एका खालांनी एकदा सहज सांगितलं, "सातव्या वर्षी मी कुराण वाचायला लागले. आता पासष्टी उलटली. दर रमजानात एकदा पुरं करते. पण एका ओळीचा अर्थ विचाराल तर मला यायचा नाही."

खोलीत सगळ्या गप्प झाल्या. मग दुसरी एक म्हणाली, "खाला, लाजू नका. मला विष्णुसहस्रनाम पाठ आहे. मलाही अर्थ येत नाही."

त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की थोडी अरबी शिकायची. मुस्लिम बायांनी शिकायची ती अर्थासाठी, आणि आम्ही बाकीच्यांनी शेजारणीच्या घरात काय म्हटलं जातं ते कळावं म्हणून. गटातल्याच एका घरची सून आलिमाचा अभ्यास केलेली आहे, ती शिकवते. या अभ्यासात जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी एक जवळचं उदाहरण. खालापूरला लागूनच पेण तालुका. तिथलं गागोदे हे विनोबा भाव्यांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ चा त्यांचा जन्म. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता ऐकायची ओढ होती, पण संस्कृत कळत नव्हतं. मराठीत आणून दिलेला जुना अनुवादही त्यांना अवघड गेला. मग तूच का करत नाहीस, असं त्या मुलाला म्हणाल्या. आई १९१८ साली गेली. विनोबांनी गीताई लिहिली ती १९३० ते १९३१ या काळात. आईच्या हयातीत ते काम झालं नाही, पण तिची मागणी विसरली गेली नाही.

ह्याच विनोबांनी चाळिशी ओलांडल्यावर अरबी शिकायला घेतली. मुसलमान शेजाऱ्याचं मन समजायचं तर त्याचा ग्रंथ त्याच्याच भाषेत वाचला पाहिजे, असं त्यांना वाटत होतं. उच्चारही त्यांनी नेटाने कमावले. वर्षानुवर्षं अभ्यास केल्यावर कुराणातली निवडक वचनं विषयवार लावून त्यांनी 'कुरान-सार' हे पुस्तक तयार केलं. चाळिशीनंतर नवी लिपी शिकता येते हे आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने दाखवलेलं आहे, एवढं लक्षात ठेवू.

आता भाषेकडे वळू. मुस्लिम घरातलं मूल मक्तबात जातं तेव्हा हातात पहिलं पुस्तक पडतं त्याचं नाव 'कायदा'. म्हणजे पाया, नियम. कोर्टातला कायदा तोच हा शब्द. त्या पुस्तकातून अक्षरं शिकली की मूल कुराण वाचू लागतं. नुसतं वाचतं, अर्थ नाही. अशा वाचनाला नाजरा म्हणतात. खालांची गाडी पन्नास-साठ वर्षं इथेच थांबलेली होती.

पण इथून पुढचा रस्ता वाटतो तेवढा लांब नाही. अरबीत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या मुळावर उभे असतात. पीठ एकच, साचे वेगवेगळे, असं समजा. क-त-ब हे मूळ लिहिण्याचं. त्यातून किताब म्हणजे लिहिलेलं, कातिब म्हणजे लिहिणारा, मक्तब म्हणजे लिहिणं शिकायची जागा. साचा ओळखला की नव्या शब्दाचा अर्थही निम्मा कळतो.

हे साचे आपल्या मराठीतही आहेत. 'करणारा' दाखवणारा साचा घ्या. वारस हा मूळचा वारिस, म्हणजे वारसा घेणारा. मालक म्हणजे ताबा असणारा. शाहीर मूळचा शाइर, म्हणजे कवी. दुसरा साचा 'ज्याच्यावर काम झालं ते' दाखवतो. त्याची सुरुवात 'म' ने होते आणि पुढे 'ऊ' येतो. जिक्र म्हणजे उल्लेख, त्यातून मजकूर, जे सांगितलेलं आहे ते. हासील म्हणजे मिळालेलं, त्यातून महसूल. नजर आपल्याला माहीतच आहे, त्यातून मंजूर, म्हणजे साहेबांची नजर ज्याच्यावर पडली ते. आपला अर्ज मंजूर का होत नाही ते आता कळलं ना? त्याच्यावर नजरच पडलेली नसते.

खालांना सगळ्यात जास्त भिडलं ते र-ह-म हे मूळ. कुराणात ११४ सूरे आहेत. एक सोडून प्रत्येकाच्या सुरुवातीला अल्लाहची दोन नावं येतात, रहमान आणि रहीम. दोन्हींचा अर्थ दयाळू. ह्याच मुळातून अरबीत आणखी एक शब्द आहे, रहिम, म्हणजे गर्भाशय. आईचं पोट. खाला किती तरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रोज म्हणते मी हे. पाच पोरांची आई आहे. मला कुणी सांगितलं नाही."

दुसरी गोष्ट आवाजाची. 'कुरआन' ह्या शब्दाचं मूळ वाचण्याचं, म्हणजे मोठ्याने म्हणण्याचं. सगळ्यात आधी उतरलेला शब्द मानतात तो 'इक्रा', म्हणजे वाच, म्हण. सुमारे २३ वर्षांत थोडं थोडं करून हे लोकांपुढे आलं आणि लोकांनी ते कानाने घेतलं, पाठ केलं. म्हणून ते कानासाठी बांधलेलं आहे. छोटे सूरे ऐका. ओळींचे शेवट एकमेकांना जुळतात. ११२ वा सूरा चारच ओळींचा, आणि चारही ओळी 'द' वर येऊन थांबतात, दारावर चार ठोके पडावेत तशा. पण हे काव्य नाही, आणि हे कवीचं बोलणं नव्हे असं कुराण स्वतःच सांगतं. त्या काळच्या मक्केत शाइरांना फार मान होता, त्यामुळे हे सांगावं लागलं. आपल्या बोलण्यापेक्षा वेगळं आणि कवितेच्या मापात न बसणारं, असं काहीतरी त्या लोकांनी पहिल्यांदाच ऐकलं.

उच्चाराला एवढं जपतात ते का, हेही इथेच कळतं. आपल्या कानाला अरबीतला जाड 'क' आणि साधा 'क' सारखेच वाटतात. पण घशातून काढलेला कल्ब म्हणजे काळीज, आणि साध्या क चा कल्ब म्हणजे कुत्रा. हसू नका. आपली मराठी शिकणारा परका माणूस 'वेळ' आणि 'वेल' सारखंच म्हणतो तेव्हा आपण नाही का त्याला टोकत?

५५ वा सूरा रहमान. त्यात ७८ आयती आहेत आणि त्यांतली एकच आयत ३१ वेळा येते. तुमच्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या देणग्या तुम्ही नाकारणार, अशा अर्थाचा तो प्रश्न आहे. नुसतं वाचणाऱ्याला वाटेल, किती वेळा तेच. पण ऐकणारीला ते पालुपद वाटतं. समुद्र, मोती, फळं, खजूर, एकेक देणगी पुढे ठेवायची आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. आणि हा 'तुम्ही' दोघांना उद्देशून आहे. अरबीत एक, दोन आणि अनेक अशी तीन वचनं असतात. संस्कृतात असतात तशी, मराठीत नाहीत. माणूस आणि जिन्न अशा दोघांना मिळून हे विचारलेलं आहे, असा अर्थ लावतात. मराठी अनुवादात तो 'दोघं' हरवतो.

अशा पुन्हा पुन्हा म्हणण्याला अरबीत काय म्हणतात ठाऊक आहे? तकरार. आपण त्याचीच तक्रार केली. पाण्याच्या टँकरसाठी ग्रामपंचायतीत जाऊन तेच ते सांगून दमलेल्या बायांना हा अर्थ वेगळा समजवावा लागणार नाही.

तिसरी गोष्ट बोलण्याच्या वळणाची. पहिला सूरा फातिहा, सात आयतींचा, नमाजात रोज अनेकदा म्हटला जाणारा. त्याच्या सुरुवातीला अल्लाहबद्दल बोलणं आहे, 'तो' असा आहे, 'त्याची' स्तुती आहे. आणि मध्यावर एकदम बोलणं 'तू' वर येतं. लांबून ज्याचं वर्णन करत होतो त्याच्याकडेच तोंड वळवून मागणं सुरू होतं. ह्याला इल्तिफात म्हणतात, म्हणजे वळणं. जात्यावर ओव्या म्हटलेल्या म्हाताऱ्या आमच्यात आहेत. त्या लगेच म्हणाल्या, "अगं, आमचं तसंच. आधी विठ्ठल कसा आहे ते सांगायचं, आणि दळण सरता सरता त्यालाच म्हणायचं, काय रे, येतोस का." जवळीक वाढली की 'तो' चा 'तू' होतो. भाषा कुठलीही असो, हे वळण बाईला ओळखता येतं.

आता बायांसाठी खास. अरबीत हुकूम देतानाही बाईला वेगळं रूप लागतं. आपण पुरुषालाही 'खा' म्हणतो आणि बाईलाही 'खा'. अरबीत पुरुषाला कुल, बाईला कुली. १९ वा सूरा मरियमच्या नावाचा. ती एकटी, खजुराच्या बुंध्याशी, बाळंतकळा सोसते आहे, आणि याआधीच मेले असते तर बरं झालं असतं असं म्हणते आहे. तेव्हा तिला सांगितलं जातं की दुःख करू नको, बुंधा आपल्याकडे हलव, ताजे खजूर पडतील, खा, पी, डोळे निवव. ह्यातलं प्रत्येक क्रियापद बाईच्या रूपात आहे, सगळ्यांच्या शेवटी 'ई'. ऐकताना कळतं की हे बोलणं एका बाईशीच चाललं आहे. आणि डोळे निवणं हा वाक्प्रचार आपल्यासारखाच. सुखाने डोळे थंड होतात, तिकडेही आणि इकडेही.

आणखी एक आयत ३३ व्या सूऱ्यात आहे. अरबीत पुरुषांचं अनेकवचन वापरलं की त्यात बाया धरल्या जातात, मराठीत 'गावकरी' म्हटल्यावर धरतात तशा. पण या आयतीत दहा गुण घेतले आहेत, श्रद्धा, खरेपणा, सबुरी, दान, असे. आणि दरवेळी आधी पुरुषांचं रूप, मग बायांचं रूप, अशा दहा जोड्या एकामागून एक येतात. पुरुषांचं 'ईन', बायांचं 'आत'. मुस्लिमीन, मुस्लिमात. परंपरेत सांगतात की पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा यांनी आमचा उल्लेख का नाही असं विचारलं होतं, त्यानंतर ही आयत आली. हे 'आत' आमच्या खालांच्या जिभेवर लहानपणापासून आहे. ते आपल्यासाठी आहे हे त्यांना यंदा कळलं.

वहीकडे परत येऊ, कारण आपल्या वहीतले शब्द कुराणातही आहेत. मक्का हे व्यापाराचं गाव होतं, त्यामुळे ही भाषा हिशेबाशी परिचित आहे. निवाड्याच्या दिवसाला हिशेबाचा दिवसही म्हटलं आहे. दानाला अल्लाहला दिलेलं चांगलं कर्ज म्हटलं आहे. आणि कुराणातली सगळ्यात मोठी आयत कशावर आहे? दुसऱ्या सूऱ्यातली ती आयत उसनवारीच्या लिखापढीवर आहे. मुदतीचं कर्ज असेल तर लिहून ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा. आमच्या गटाच्या सचिव म्हणाल्या, ही आयत आता वहीच्या पुठ्ठ्यावर लावते.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी आजचा विषय घेतला. चौथ्या सूऱ्याचं नाव निसा, म्हणजे बाया. त्यात वारशाची एक आयत आहे, सातवी. आईबाप आणि जवळचे नातलग मागे ठेवून जातात त्यात पुरुषांना वाटा आहे, असं आधी सांगितलं आहे. पुढे 'आणि बायांनाही' एवढं जोडून भागलं असतं. पण तसं केलेलं नाही. बायांसाठी तेच वाक्य, त्याच शब्दांत, पुन्हा पूर्ण म्हटलेलं आहे. आईबाप आणि जवळचे नातलग हेही पुन्हा. मग मालमत्ता थोडी असो की फार, हा वाटा ठरलेला आहे, असा शेवट. ज्याला आपण तकरार म्हटलं, ती इथे अशी कामाला लावली आहे.

आणि 'वाटा' यासाठी तिथे शब्द आहे नसीब. आपलं नशीब. अरबीत नसीब म्हणजे हिस्सा, वाट्याला येणारा भाग. आपल्याकडे येईपर्यंत त्याचं कपाळावरचं लिखित झालं.

हे शिकलो त्या दिवशी खालांनी स्वतःची गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी भावांनी वडिलांची जमीन फार्महाऊसवाल्याला विकली. खालांना रिक्षा पाठवून बोलावलं, कागदावर सही घेतली, जेवायला घातलं, साडी दिली. कागद हक्कसोडपत्राचा होता. घरी आल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "माझं नशीब."

कर्जत-खालापुरात असं कुणाच्या घरी झालं नाही? जातधर्म विचारू नका, हात वर करा. त्या बैठकीत अर्ध्याहून जास्त हात वर झाले. हक्कसोडपत्र हा शब्दही बघा. हक्क अरबी, सोड मराठी, पत्र संस्कृत. तीन भाषांनी मिळून बहिणीचं नाव सातबारावरून उतरवलं. आणि सही म्हणजे मुळात सहीह, बरोबर, खरं. जे बरोबर आहे त्यालाच सही.

आम्ही काही लपवणार नाही. त्याच सूऱ्यात पुढे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा सांगितला आहे. कर्जाच्या आयतीत एका पुरुषाच्या जागी दोन बायांची साक्ष आहे. यावर मुस्लिम बाया आणि अभ्यासक आजही वाद घालतात, आणि तो वाद ज्यांना भाषा येते त्यांना जास्त नीट घालता येतो. पण निम्मा म्हणजे शून्य नव्हे, हे खालांना कुणी सांगितलं नव्हतं. ग्रंथ त्यांच्या हातात होता, ओळ त्यांच्या तोंडात होती, आणि अर्थ दुसऱ्याच्या ताब्यात होता.

खालांची जमीन काही परत आली नाही. पण धाकट्या बहिणीला त्यांनी फोन केला, कारण दुसऱ्या एका तुकड्याची बोलणी अजून चालू आहेत. काय बोलल्या ते त्यांनी आम्हाला एका वाक्यात सांगितलं. "म्हटलं, सही करायच्या आधी मला विचार, आणि वकिलालाही विचार." वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बायांना तिथे कायद्याची मदत मोफत मिळते, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

तुम्हाला हे शिकायचं असेल तर कसं करायचं? ज्यांना अक्षरं वाचता येतात त्यांचं निम्मं काम झालेलं आहे. कुराणात सुमारे ७७ हजार शब्द आहेत, पण त्यांची मुळं दोन हजारांच्या आत, आणि नेहमीची त्याहून कितीतरी थोडी. आठवड्याला पाच शब्द घ्या. रोज म्हणता त्या छोट्या सूऱ्यांपासून सुरू करा. एक जण म्हणेल, बाकीच्या ऐकतील, मग शब्द सोडवायचे. मराठी अनुवाद छापलेले मिळतात, ते शेजारी ठेवा. जाणकार बाई असेल तर तिला विचारा. ग्रंथाला हात लावताना त्या घरची जी रीत असेल ती पाळा.

आणि एक सावधगिरी. शब्द ओळखीचा दिसला म्हणून अर्थ गृहीत धरू नका. आपला गरीब म्हणजे पैसा नसलेला. अरबीत गरीब म्हणजे परका, अनोळखी. माहेर सुटलेल्या पोरीसारखे शब्दही सासरी बदलतात. त्यांना मूळ घरी काय म्हणायचे, ते विचारून घ्यावं लागतं.

पुढच्या खेपेला येताना गटाच्या वहीतले तीन शब्द निवडून आणा. खाला त्यांची मुळं सांगणार आहेत. या वेळी शिकवायची पाळी त्यांची आहे.